डॉइलचं मूळ शोधलंत, तांडेलचं राहिलं

अहो, त्या दिवशी मी तुमची मुलगी झाले.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. आपला निखिल अजून कॅनडाहून येणाऱ्या विमानात होता, त्यामुळे कागदपत्रांसाठी मलाच ऑफिसात जावं लागलं. काचेमागे एक तरुण ओमानी बसला होता, अंगात पांढराशुभ्र पायघोळ डिशडाशा, डोक्याला नक्षीची टोपी. त्याने माझा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, हातात घेतला. 'अपर्णा किशोर केळुसकर.' मग तुमचा पासपोर्ट उघडला. पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि फार मायेने हिंदीत म्हणाला, "आप इनकी बेटी हैं?"

पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई मी, कपाळावर पांढऱ्या केसांची झालर. पण त्याची चूक नव्हती हो. इथे आपल्या नावापुढे येतं ते बापाचं नाव. लग्न झालं म्हणून इथली बाई बापाचं नाव सोडत नाही, मरेपर्यंत ती त्याच घराण्याची. हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. दवाखान्यात नर्स मला "अपर्णा बिन्त किशोर" म्हणून हाक मारायची तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून खुदुखुदु हसायचात, आणि घरी आल्यावर दिवसभर मला "काय गो बेटा" म्हणून चिडवायचात. त्या दिवशी ते आठवलं आणि मी त्या काचेसमोर हसत सुटले. हसता हसता रडायला कधी लागले ते कळलं नाही. त्या पोराने घाबरून टिश्यूचा अख्खा डबा पुढे केला.

"बेटी नहीं, बीवी," मी म्हणाले.

"माफ करना. तो फिर वालिद का नाम?"

आजवर या देशातल्या कुठल्याही ऑफिसात मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझे सगळे फॉर्म तुम्हीच भरायचात, मी फक्त तुम्ही बोट ठेवाल तिथे सही करायची. कंपनीत दिवसभर कामगारांच्या व्हिसाचे फॉर्म भरायचात आणि घरी आल्यावर माझे. मी म्हणाले, "मधुकर तांडेल." त्याने ते टाइप केलं. खटखट आवाज झाला आणि झालं, खलास.

पण बाजूला तुमची फाइल छातीशी धरून कोण उभं होतं? नोरा डॉइल. मला गाडी येत नाही, टॅक्सीवाल्याच्या भरवशावर सोडायचं नाही, म्हणून तीच मला घेऊन आली होती. परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "वैनी, तांडेल म्हणजे काय?"

आयुष्यभर मी ज्या प्रश्नाची तुमच्याकडून वाट बघितली तो तिने सिग्नल हिरवा व्हायच्या आत विचारला. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काही नाही. असंच आडनाव आहे."

खरं सांगू? त्या क्षणी तुम्ही गेल्याच्या दुःखापेक्षा माझा जळफळाट मोठा होता. आता ऐकायला तुम्ही नाही आहात, म्हणजे मला निवांत बोलता येईल. जिवंतपणी तुम्ही माझं एक वाक्य पुरं ऐकून घेतलं नाहीत. "अगो, थांब गो, हा बघ," म्हणून ती वही पुढे करायचात.

ती वही! माझी पहिली सवत. ऑफिसातलं लांबट रजिस्टर, काळा पुठ्ठा, लाल कापडी पाठ. भेटेल त्याचं आडनाव, मूळ गाव, अर्थ. चव्हाण आला, लिहिला. रत्नागिरीकडचे मुकादम आले, त्यांना चहा पाजून लिहिलं. बरक्याच्या मासळीबाजारात सुरमई तोलणाऱ्या पोराला विचारलंत, तो बिचारा केरळचा, त्याला वाटलं तुम्ही पोलिसात आहात. अल हैलमधल्या आपल्या लोकांत तुमचं नावच पडलं होतं, मूळगाववाले काका. नवं कुटुंब राहायला आलं की बायका मला विचारायच्या, "काका येऊन गेले का त्यांच्याकडे?"

या सगळ्याचं मला कौतुकच होतं. मी खोटं कशाला बोलू? चारचौघांत तुम्ही बोलायला लागलात की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. माझा नवरा एवढा हुशार, असं वाटून छाती फुगायची. फक्त मनात एक असायचं, की कधीतरी हे वही घेऊन माझ्यासमोर बसतील आणि म्हणतील, हं, बोल, तांडेल.

एकदा मीच बेशरमपणे विषय काढला होता, आठवतं? निखिल दहावीला होता तेव्हा. तुम्ही म्हणालात, "त्यात काय शोधायचा? तांडेल म्हणजे तांडेल. होडयेवरचो म्होरको." आणि पान उलटलंत. बरोबर आहे. दर्यावर्दी माणसांतलेच आपण दोघं, तुम्हाला ते आडनाव घरच्या आमटीसारखं. त्यात कसली गंमत? गंमत कशात, तर डॉइलमध्ये.

गुरुवार-शुक्रवारची सुट्टी बदलून शुक्रवार-शनिवार झाली त्याच वर्षी ती समोरच्या इमारतीत राहायला आली. कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, साठीची, अविवाहित, दुधात केशर घातल्यासारखा रंग आणि उन्हाने नाक कायम लाल. वाण्याच्या दुकानात तुम्ही तिला गाठलंत. तिथे दुधाचे कॅन हातात धरून तुम्ही विचारलंत, डॉइल म्हणजे काय. ती म्हणाली, वडील सांगायचे की त्याचा अर्थ काळा परका, पण खरं-खोटं कुणी तपासलंय? घरी आलात ते नाचतच. "अगो, ती चुन्यासारखी पांढरी, आणि आडनावाचा अर्थ काळो परको! असा कसा?"

झालं. त्या शुक्रवारपासून ती सकाळी दहाला आपल्या हॉलमध्ये. तिचा लॅपटॉप, तुमची वही, माझा चहा.

मला सगळं पाठ झालंय, ऐका. आयरिश भाषेत 'दुव' म्हणजे काळा आणि 'गॉल' म्हणजे परका. हजारेक वर्षांपूर्वी तिच्या देशात उत्तरेकडून समुद्रावरून लुटारू आले. नॉर्वेकडच्यांना तिथले लोक गोरे परके म्हणायचे आणि डेन्मार्ककडच्यांना काळे परके. त्यातले काही परत गेलेच नाहीत. किनाऱ्यावर घरं बांधली, तिथल्याच पोरींशी लग्नं केली, आणि ज्या नावाने लोक त्यांच्यावर थुंकायचे तेच नाव पोराबाळांना लागलं. आडनावाआधी 'ओ' यायचा, म्हणजे अमक्याचा नातू. इंग्रजांच्या राज्यात तो गळून पडला. पुढे कितीतरी घराण्यांनी आपापला 'ओ' परत लावला, डॉइल लोकांनी काही फारसा लावला नाही. आणि आता ते आडनाव इतकं बोकाळलंय, की तिच्याकडच्या पूर्व किनाऱ्यावर दगड भिरकावला तर डॉइललाच लागेल. शाळेत एका वर्गात चार-चार डॉइल, म्हणून मग लाल्या डॉइल, पुलापलीकडचा डॉइल. यावर तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "आमच्या केळुसात हाच प्रकार! खालचो केळुसकर, वरचो केळुसकर!" आणि दोघं असे हसलात, की मी आतून विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "काय नाय गो, तुका नाय कळाचा."

नाही कळायचं! दोन्ही केळुसकरांच्या घरची कामं करून माझी कंबर मोडली होती हो. मला नाही तर कुणाला कळणार?

त्या गळलेल्या 'ओ'बद्दल तुम्ही आठवडाभर हळहळलात. जेवताना म्हणायचात, "एका माणसाच्या नावाचो तुकडो काढून घेवचो, म्हणजे काय!" मी भात वाढत होते. मनात म्हटलं, कुणा परमुलखातल्या माणसाचा 'ओ' गेला तर यांना घास उतरेना, आणि माझं अख्खं नाव ताटातल्या तांदळात गेलं त्याचं काय? लग्नात तुमच्या आईने ताट पुढे केलं, त्यात तांदूळ पसरलेले. तुम्ही अंगठीने त्यावर लिहिलंत 'अपर्णा'. त्या म्हणाल्या, "हिरा फार जुनाट वाटता." एवढंच. त्यांचा काही दुष्टावा नव्हता. त्यांचंही नाव असंच कुठल्यातरी ताटात राहिलं होतं. तासाभरापूर्वी मी हिरा मधुकर तांडेल होते. मंडपातून उठले ती अपर्णा किशोर केळुसकर. संध्याकाळी ताटातले तांदूळ कुणीतरी डब्यात ओतून टाकले.

काळी आणि परकी. अहो, डॉइल तर मी होते. तुमच्या घरात, तुमच्या समोर, पोळ्या लाटत.

आणखी एक गोष्ट पोटात आहे, ती बाहेर काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पहिल्यांदा ती जेवायला थांबली तेव्हा मी बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिला काटे काढता येईनात. तुम्ही तिचं ताट ओढलंत आणि अख्खा बांगडा सोलून, एकेक काटा वेचून, मऊसूत मांस तिच्या भातावर ठेवलंत. मी बघतच राहिले. तीस वर्षांत माझ्या ताटात कधी हात घातलात? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्या तिखल्यातल्या नव्हत्या. ती गेल्यावर मी बोलले तर तुम्ही खो-खो हसलात. "अगो, तुका कित्याक व्हये काटे काढून? तू तांडेलाचा चेडू!"

म्हणजे आडनाव लक्षात होतं तर. काटे काढून द्यायचे नसतील तेव्हा लक्षात होतं.

आणि ती तुम्हाला किशोर म्हणायची. सरळ, तोंड भरून, दारातूनच, "कीशोर!" मी उखाण्याशिवाय तुमचं नाव कधी घेतलं नाही. अहो, ऐकलंत का, निखिलचे बाबा. एवढ्या वर्षांत मला वाटायचं की मी ते नाव जपून ठेवलंय, देवघरातल्या चांदीच्या वाटीसारखं. आणि ही बाई त्यातून खुशाल चहा पिते.

लोक काय म्हणत होते ते मला ठाऊक आहे. तसलं काही नव्हतं हेही ठाऊक आहे. तसलं असतं तर मी तुम्हाला सरळ केलं असतं, तांडेलाची मुलगी आहे. पण होतं ते त्याहून वाईट होतं. तुम्हाला तिच्याबद्दल कुतूहल होतं. आणि माझ्याबद्दल नव्हतं.

आता सूरची गोष्ट. ही तुम्हाला माहीत नाही. मी मुद्दाम सांगितली नव्हती.

तिथल्या बंदरात लाकडी जहाजं बांधतात, ती जागा तिला दाखवायची म्हणून आपण तिघं गेलो होतो. तुमचं म्हणणं, तिचे ते काळे परके कसल्या जहाजांतून आले असतील त्याचा अंदाज येईल. तुम्ही पुढे तिच्या शेजारी, मी मागे डबे मांडीवर घेऊन. पोचल्यावर तुम्ही दोघं त्या अर्धवट बांधलेल्या जहाजाभोवती फिरायला लागलात. जहाजाच्या फासळ्या उघड्या होत्या, लाकडाचा आणि माशाच्या तेलाचा वास होता. मला तो वास आला आणि पाय तिथेच खिळले. आमच्या मालवणच्या अंगणाचा वास. तुम्ही फोनवर तिचे फोटो काढत होतात. मी सावलीला जाऊन उभी राहिले.

तिथे एक म्हातारा बसला होता, एका खुर्चीवर, हातात काठी. एकेकाळचा खलाशी. मोडकं हिंदी बोलायचा. "इंडिया में किधर?" मी म्हणाले मालवण. त्याचे डोळे एकदम लकाकले. बोटांवर मोजायला लागला, "मंगलोर, गोवा, वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी, बम्बई." एकही बंदर चुकलं नाही. मग म्हणाला, "बाप का नाम क्या?"

"तांडेल," मी म्हणाले.

अहो, तो म्हातारा उठून उभा राहिला. गुडघे वाजले त्याचे. खुर्ची माझ्याकडे सरकवली, "बैठो, बैठो." मी नको नको म्हणतेय, तो ऐकेना. स्वतः फळीवर बसला आणि म्हणाला, "हमारा जहाज पे तांडेल था. इंडियावाला. नाखुदा सो जाता था. तांडेल नहीं सोता था."

नाखुदा म्हणजे कप्तान, हे मला इथे राहून माहीत होतं. दुसरी गोष्ट मला जन्मापासून माहीत होती. माझे बाबा समुद्रावर असले की डोळा मिटायचे नाहीत. घरी आले की दोन दिवस झोपायचे आणि आई आम्हा पोरांना अंगणात ओरडू द्यायची नाही. ते माझ्या घरातलं गुपित होतं, आणि ते समुद्राच्या या बाजूला एका परक्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. त्याने मला थर्मासमधला काहवा दिला, खजूर दिला. मी त्या खुर्चीवर बसले होते आणि कितीतरी वर्षांनी मला वाटलं की मी कुणीतरी आहे.

तेवढ्यात तुम्ही आलात. "काय गो, हंय बसलंस? चल, नोराला भूक लागली."

मी उठले. डबे उघडले. परतीच्या वाटेवर तुम्ही दोघं जहाजांबद्दल बोलत होतात आणि मी मागे गप्प. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, पाय दुखतायत का. मी म्हणाले, हो. ठरवलंच होतं, यांना सांगायचं नाही. तुमच्या वहीतल्या सगळ्या आडनावांपेक्षा भारी गोष्ट माझ्याकडे होती आणि ती मी तुम्हाला देणार नव्हते. हा माझा सूड. तुम्हाला कधी कळलादेखील नाही, म्हणजे तो सूडही फुकटच गेला.

सांगायला हवं होतं. तुम्ही उडी मारली असती. तसेच उलट्या पावली सूरला गेला असतात त्या म्हाताऱ्याकडे, वही घेऊन. मला माहीत होतं आणि तरी मी तोंड मिटून बसले. तेव्हा सगळा दोष तुमच्याच माथी मारत नाही.

आणि मी कृतघ्नही नाही. बाबा गेले तेव्हा मला तिकीट मिळालं नाही. तुम्ही अर्बाबाला, म्हणजे कंपनीच्या मालकाला, खोटंच सांगितलंत की पोटात दुखतंय, आणि मला अल हैलच्या किनाऱ्यावर घेऊन गेलात. सकाळपासून दुपारपर्यंत वाळूत बसलात, भर उन्हात, एक शब्द न बोलता. तुम्ही, ज्यांना पाच मिनिटं गप्प बसता येत नाही! पलीकडे तोच समुद्र आहे, एवढंच एकदा म्हणालात. तेवढ्यावर मी ते वर्ष काढलं.

तेराव्यानंतर निखिल कॅनडाला परत गेला. मग मी वही उघडली. एवढी वर्षं मी तिला हात लावला नव्हता, फक्त धूळ पुसायची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, चष्मा पुसून पुसून. त या अक्षराला तावडे आहे, तांबे आहे, तेंडुलकर आहे, तोडणकर आहे. तांडेल नाही. म्हटलं कुठेतरी कोपऱ्यात असेल, समासात असेल, पेन्सिलने असेल. नाही. डॉइलला मात्र एकोणीस पानं. शाई बदललेली, खाली रेघा, बाजूला नकाशासुद्धा काढलाय. मी वही मिटली आणि तुमच्या फोटोकडे पाठ करून बसले. हार घातलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा फार अन्याय आहे.

गेल्या आठवड्यात ती आली. तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, कायमची घरी चालली आहे. दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, किशोर म्हणाला होता की वही पुरी झाली की मला देईल."

मी तिला आत बसवलं. चहा ठेवला. मनात म्हटलं, नवऱ्याचे शुक्रवार घेतलेस, काटे काढलेला बांगडा घेतलास, आता अक्षरसुद्धा घेऊन चाललीस? मी म्हणाले, देते, पण तुझ्या डॉइलची पानं तेवढी झेरॉक्स करून. मूळ वही माझ्याकडे राहील. तिने मान डोलवली. वाद घालेल म्हणून मी कंबर कसून उभी होते, तिने घातलाच नाही. मग ओट्याशी येऊन उभी राहिली आणि पुन्हा तेच, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं नाहीत. तांडेल."

मी ताडकन म्हणाले, "त्यांनी कधी विचारलं नाही, तू का विचारतेस?"

 मग ती जे बोलली ते इंग्रजीत बोलली, पण मी तुम्हाला तुमच्या शब्दांत सांगते, कारण ते तुमचेच होते. कधीतरी तुम्ही तिला विचारलं होतंत की तुमच्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतात का. ती म्हणाली, नाही, ते कशाला बदलायचं? त्यावर तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि तिला म्हणालात, "माझ्या बायकोचं एक नाव मी तांदळात घालवलं. दुसऱ्या दिवशी ती पडवीत बसून रडत होती, मी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. आता उरलेल्या नावाबद्दल तिला कुठल्या तोंडाने विचारू?"

अहो, चहा उतू गेला. गॅस विझला, वास सुटला, तिनेच बटण बंद केलं.

तुम्ही बघितलं होतंत! पडवीतलं तुम्ही बघितलं होतंत आणि तीस वर्षं पोटात ठेवलंत. ठेवा की. पण मग तिला का सांगितलंत? वहीतली पानं तिला दिलीत, शुक्रवार दिलेत, हसणं दिलंत, ते सगळं मी सहन केलं. हा पश्चात्ताप माझा होता हो. माझ्या हक्काचा होता. तो तुम्ही दुसऱ्या बाईला इंग्रजीत दिलात! ती माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढे आली आणि मी मागे सरकले. चांगली बाई आहे, त्याचाच मला जास्त राग येतो.

ती गेल्यावर मी ओटा पुसत होते आणि हात थांबला. कधी सांगितलंत तुम्ही तिला? मी हिशेब लावला. तो शुक्रवार असणार, ज्या दिवशी ती जेवायला न थांबता लवकर निघून गेली आणि तुम्ही मुकाट पानावर येऊन बसलात. मी पापलेट तळलं होतं. तुम्ही न बोलता माझं ताट ओढलंत आणि काटे काढायला लागलात. कधी नव्हे ते. मला वाटलं माझी थट्टा चालवलीय, तिचं ताट ओढलंत त्यावरून मी बोलले होते म्हणून. मी ताट हिसकावून घेतलं. म्हणाले, "ऱ्हवांदे. माका येता." तुम्ही हात पुसलात. म्हणालात, "बरा." आणि खाली मान घालून जेवलात.

म्हणजे तुम्ही विचारत होतात. तुमच्या पद्धतीने, पापलेटात बोटं घालून. आणि मी ताट ओढून घेतलं.

किती दिवस झाले, मी जेवायला बसले की ते ताट समोर येतं.

झेरॉक्स काल तिला नेऊन दिली, एकोणीस पानं, पिना मारून. दारातच उभं राहून दिली. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगेन कदाचित, फोनवर, ती तिच्या डॉइल लोकांत पोचल्यावर. पण तुमच्या आधी नाही. यावेळी तिचा नंबर दुसरा.

वही समोर आहे. त च्या पानावर तोडणकरांच्या खाली चार ओळींची जागा मोकळी आहे. पेनही आहे. मी काही लिहिणार नाही. ती वही माणसाला विचारून भरायची असते, तुमचाच नियम तो. आणि 'अहो' म्हणून तुमच्यापर्यंत पोचायला एवढी वर्षं पुरली नाहीत, तर आता काय पोचणार? ती दारातून हाक मारायची तशी मीही एकदा मारून बघते. घरात कुणी नाही. कुणी हसणार नाही.

किशोर.

आलं बघ तोंडात. किशोर, ताट मी पुढे सरकवलंय, काढ काटे. आणि घे ती वही. तुझी भीड मी मोडते, तुझ्या जागी मीच सुरुवात करते. आपली ओळख व्हायची राहिली रे.

मी हिरा. मधू तांडेलाचा चेडू.